चोरीचं चित्र आणि प्रामाणिक गिऱ्हाईक

कागदकीडा

गेले काही महिने एक नवा नाद लागलाय: चोरीला गेलेल्या आणि लुटून नेलेल्या कलाकृतींचे कोर्टातले निकाल वाचायचा. मी वकील नाही, चित्रातलं फार कळतं असंही नाही. एकदा सहज एक निकालपत्र उघडलं आणि मान वर केली तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते, एवढंच निमित्त.

आधी वाटायचं, यात भांडण्यासारखं आहेच काय? वस्तू माझी, चोरीला गेली, आता अमक्याकडे सापडली, द्या परत. पण ही केस बघा.

इंग्लंडमध्ये एका संग्राहकाच्या घरातून जपानी कलावस्तू चोरीला गेल्या. चोराने त्या इटलीत नेल्या आणि तिथे एकाने त्या विकत घेतल्या. काही काळाने त्यानेच त्या लंडनला क्रिस्टीजकडे लिलावाला पाठवल्या. मूळ मालकाने आपल्या वस्तू ओळखल्या आणि कोर्टात धाव घेतली. आता बघा हं: चोरी इंग्लंडमध्ये, मालक इंग्लंडचा, वस्तू पुन्हा इंग्लंडमध्ये, कोर्टही इंग्लंडचं. तरी १९७९ साली कोर्ट म्हणालं की विक्रीच्या वेळी वस्तू इटलीत होत्या, म्हणून मालकी बदलली की नाही ते इटलीचा कायदा सांगेल. आणि इटलीचा कायदा सांगतो की सद्भावनेने, म्हणजे चोरीची आहे हे ठाऊक नसताना, विकत घेऊन वस्तू ताब्यात आली की ती तुमची. चोरीची असली तरी. त्याच क्षणी.

म्हणजे वस्तू फिरून दारात परत आली, पण येताना मालक बदलून आली.

आता याच्या नेमकं उलट. सायप्रसमध्ये कानाकारिया नावाच्या चर्चच्या भिंतीवर सहाव्या शतकातली मोझॅइक होती. १९७४ नंतर बेटाचे दोन तुकडे झाले, उत्तर भाग तुर्की सैन्याच्या ताब्यात गेला, आणि पुढच्या काही वर्षांत ही मोझॅइक भिंतीवरून उखडून नेली गेली. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या इंडियानाच्या एका कलाविक्रेतीने त्यातले चार तुकडे जिनिव्हा विमानतळावरच्या फ्रीपोर्टात (जकात न भरता माल ठेवायच्या गोदामात) घेतले, १० लाख ८० हजार डॉलरला, तेही रोख. निकालपत्रात लिहिलंय की शंभर-शंभरच्या नोटा दोन पिशव्यांत कोंबून आणल्या होत्या. तिचं म्हणणं, व्यवहार स्वित्झर्लंडमध्ये झाला, तिथला कायदा लावा. (तोही गिऱ्हाइकाला सांभाळून घेणारा.) कोर्टाने विचारलं, मोझॅइक तिथे मोजून चार दिवस होती, तीही विमानतळाच्या आवारात, मग स्वित्झर्लंडचा यात संबंध काय? इंडियानाचा कायदा लागला, चर्च जिंकलं, १९९० मध्ये अपिलातही तेच झालं.

माझं मत हळूहळू असं व्हायला लागलंय की या खटल्यांत 'कुणी चोरलं' याला फारसं महत्त्व नसतंच. वस्तू कुठल्या देशात विकली गेली आणि मालकाने ती कधी मागितली, या दोन गोष्टींवर सगळं फिरतं. पटतंय का? की मी नेमक्या विचित्र केसेसच वाचतेय?

सातबारा

धागा आवडला. पेशाने वकील आहे, पण जमिनींच्या भानगडीतला, या विषयातला नाही. तरी तोंड घालतो.

एक दुरुस्ती. त्या इटलीवाल्या खटल्यात कोर्टाने फक्त 'कायदा कुठला' हा प्राथमिक मुद्दा ठरवला होता. घेणारा खरंच निर्मळ मनाचा होता का, ते तेव्हा तपासलं नव्हतं, तसं धरून चालले होते. बाकी तुमचा मुद्दा बरोबर आहे.

मुळात दोन परंपरा आहेत. इंग्लंड-अमेरिकेत म्हणतात, चोराकडे मालकी नव्हतीच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मग दहा हात बदलोत नाहीतर शंभर. युरोपातल्या बऱ्याच देशांत विचार वेगळा आहे. समोर दोन माणसं उभी आहेत, दोघंही निर्दोष. एकाची वस्तू गेली, दुसऱ्याचे पैसे जाणार. त्यांचं म्हणणं, बाजार चालायचा तर घेणाऱ्याला कधीतरी निर्धास्त झोप लागली पाहिजे. इटलीत ती लगेच लागते. फ्रान्समध्ये चोरीच्या वस्तूवर मालकाला तीन वर्षं हक्क सांगता येतो, त्यानंतर सद्भावनेने घेणारा सुटला. आमच्याकडे जमिनीत वहिवाट म्हणतात ना, तसलाच प्रकार, फक्त इथे जमिनीला पाय फुटलेले असतात.

फुकटफौजदार

कायद्याचा कीस पाडायची हौस असेल त्यांनी खुशाल पाडावा. चोरीचा माल तो चोरीचा. उचलावा आणि मालकाला द्यावा. गिऱ्हाइकाने आपले पैसे ज्याने विकलं त्याच्याकडून घ्यावेत. यात अवघड काय आहे?

निळीशाई

@फुकटफौजदार, तुमच्या त्या 'पैसे विकणाऱ्याकडून घ्यावेत'वरच न्यूयॉर्कमध्ये अख्खा खटला झालाय. मेंझेल विरुद्ध लिस्ट.

ब्रुसेल्समधलं एक ज्यू जोडपं नाझी येताहेत म्हणून घर सोडून पळालं. भिंतीवर शगालचं चित्र राहिलं. १९४१ मध्ये नाझींच्या लूटपथकाने ते नेलं, आणि नेताना रीतसर पावती ठेवली! पुढे पॅरिसच्या एका गॅलरीतून न्यूयॉर्कच्या एका नामवंत विक्रेत्याने ते घेतलं आणि १९५५ मध्ये लिस्ट नावाच्या गिऱ्हाइकाला ४,००० डॉलरला विकलं. १९६२ मध्ये मेंझेलबाईंना एका पुस्तकात ते छापलेलं दिसलं, खाली सध्याच्या मालकाचं नाव. त्या उभ्या राहिल्या कोर्टात आणि जिंकल्या.

आता लिस्ट विक्रेत्याकडे गेले. तो म्हणतो, मी ४,००० घेतले होते, ते घ्या, वर व्याज घ्या. लिस्ट म्हणतात, आज त्या चित्राची किंमत २२,५०० आहे, माझं नुकसान तेवढ्याचं झालंय. खालच्या अपिलात विक्रेत्याचं ऐकलं, पण १९६९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील कोर्टाने पूर्ण २२,५०० द्यायला लावले. विक्रेत्याने स्वतः चोरी केली नव्हती, त्यालाही ठाऊक नव्हतं. पण 'हे माझं आहे आणि मी विकतोय' असं म्हणून विकलं ना, मग त्या शब्दाची किंमत मोजा.

फुकटफौजदार

मग झालं की! मी काय वेगळं म्हणालो?

निळीशाई

तुमचं गणित विक्रेता जिवंत असेल, सापडेल आणि त्याच्या खिशात पैसे असतील तेव्हाच सुटतं. तीस वर्षांनी तिन्ही एकत्र क्वचित मिळतं.

मधलीसुट्टी

भारी चाललंय. वाचतेय.

उंबरठा

मला 'मालकाने कधी मागितली' या भागाबद्दल विचारायचंय. मुदत कधीपासून मोजायची? चोरी झाल्यापासून मोजली तर चोराने दहा वर्षं माळ्यावर टाकून ठेवायचं आणि अकराव्या वर्षी उजळ माथ्याने काढायचं.

सातबारा

नेमका हाच घोळ आहे, आणि अमेरिकेत राज्याराज्यांत उत्तर वेगळं. न्यू जर्सीच्या कोर्टाने १९८० मध्ये जॉर्जिया ओ'कीफ या चित्रकर्तीच्याच चोरीला गेलेल्या चित्रांच्या खटल्यात म्हटलं की मुदत कळल्यापासून, किंवा नीट शोधलं असतं तर कळलं असतं तेव्हापासून. म्हणजे मालकाने हातपाय हलवले पाहिजेत. न्यूयॉर्क त्याहून मालकाच्या बाजूचं. तिथे सद्भावनेने घेणाऱ्याविरुद्ध मुदत सुरूच होते ती तुम्ही 'द्या' म्हटल्यावर आणि त्याने 'नाही देत' म्हटल्यावर.

उंबरठा

म्हणजे न्यूयॉर्कमध्ये पन्नास वर्षं गप्प बसून मग मागितलं तरी चालतं??

कागदकीडा

जवळजवळ. गुगेनहाइम म्युझियमची केस यासाठीच वाचण्यासारखी आहे. साठच्या दशकात त्यांच्याकडून शगालचं एक गुआश (घट्ट जलरंगातलं चित्र) गेलं, म्युझियमच्याच टपालखात्यातल्या कर्मचाऱ्याचं काम असावं असा अंदाज. म्युझियमने काय केलं? पोलिसांना कळवलं नाही, इतर म्युझियमना नाही, गॅलऱ्यांनाही नाही. १९६७ मध्ये ल्युबेल दांपत्याने ते न्यूयॉर्कच्या एका प्रतिष्ठित गॅलरीतून १७,००० डॉलरला घेतलं आणि वीस वर्षं घरात टांगलं. १९८५ मध्ये किंमत काढायला त्याच्या फोटोची पारदर्शिका सदबीज लिलावघराकडे गेली, आणि ती पाहणारी व्यक्ती पूर्वी गुगेनहाइममध्येच कामाला होती. झालं.

ल्युबेलबाई म्हणाल्या, तुम्ही तोंड उघडलं असतंत तर मी घेतलंच नसतं. म्युझियमचं उत्तर, बोंब मारली असती तर चित्र आणखी खोल दडवलं गेलं असतं. १९९१ मध्ये कोर्टाने म्युझियमवर शोधाची सक्ती करायला नकार दिला. कारण मला फार आवडलं: तशी सक्ती केली तर न्यूयॉर्क हे चोरीचा माल खपवायचं सोयीचं ठिकाण होईल. पण कोर्टाने एक खिडकी उघडी ठेवली. तुमच्या दिरंगाईमुळे समोरच्याचं खरंच नुकसान झालं असेल, तर त्याने ते सिद्ध करावं.

सातबारा

आणि त्या खिडकीतून पुढे बरेच जण आत शिरले. पिकासोच्या 'द अ‍ॅक्टर'चं उदाहरण. लेफमान जोडप्याने १९३८ मध्ये फॅसिस्ट इटलीतून बाहेर पडायला पैसे हवेत म्हणून ते विकलं. १९५२ मध्ये ते न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमला देणगीत मिळालं. वारसांनी मागितलं २०१० मध्ये. २०१९ मध्ये अपील कोर्टाने 'फार उशीर केलात' म्हणून दावा काढून टाकला. चित्र चोरलेलं नव्हतं, जिवाच्या भीतीने विकलेलं होतं, हा भाग कोर्टाने त्या निकालात शेवटपर्यंत तोलायलाच घेतला नाही.

उंबरठा

हे वाचून घशाशी आलं. पळून जाणाऱ्या माणसाने मुदत कशी पाळायची?

कागदकीडा

याच प्रश्नावर मी सध्या अडकलेय, कॅसिरर कुटुंबाच्या केसमध्ये. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

पिसारोचं १८९७ चं चित्र. पॅरिसमधली रू सां-ऑनरे, दुपार, पाऊस. ओल्या रस्त्यावर घोडागाड्या. कुटुंबाकडे बर्लिनमधल्या दिवाणखान्याचा एक जुना फोटो आहे, त्यात सोफ्याच्या वर हे चित्र दिसतं. १९३९ मध्ये लिली कॅसिररला जर्मनी सोडायची होती. नाझींच्या मूल्यमापकाने चित्र ठेवून घेतलं, किंमत ठरवली ९०० मार्क, आणि तेही अशा गोठवलेल्या खात्यात टाकले की तिला काढताच येऊ नयेत. युद्धानंतर तिने चित्र मागितलं, पण ते कुठे आहे कुणालाच माहीत नव्हतं. १९५८ मध्ये जर्मन सरकारने १,२०,००० मार्क भरपाई दिली, चित्र सापडलं तर परत घ्यायचा हक्क शाबूत ठेवून.

चित्र तोवर अमेरिकेत होतं. तिथे दोन-तीन हात बदलले, १९७६ मध्ये बॅरन थिसेन-बोर्नेमिसाने न्यूयॉर्कच्या विक्रेत्याकडून घेतलं, आणि १९९३ मध्ये स्पेनने त्याचा अख्खा संग्रहच विकत घेतला. लिलीचा नातू क्लोद, जो लहानपणी त्या चित्राखाली खेळलेला, कॅलिफोर्नियात राहायचा. त्याला २००० मध्ये कळलं की चित्र माद्रिदच्या म्युझियममध्ये, सर्वांसमोर, भिंतीवर आहे.

आता स्पेनचा कायदा बघा. जंगम वस्तू सहा वर्षं उघडपणे, मालक म्हणून ताब्यात ठेवली की ती तुमची. १९९३ अधिक सहा. १९९९. नातवाला कळलं २००० मध्ये.

आणि कॅलिफोर्नियाचा कायदा म्हणतो, चोराकडून मालकी कधीच मिळत नाही.

२००५ मध्ये खटला सुरू झाला. २०१० मध्ये क्लोद गेला, मुलाने पुढे चालवला. २०२२ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने निकाल दिला, पण कशावर? चित्र कुणाचं यावर नाही. 'कुठला कायदा लावायचा' हे ठरवायचे नियम कुठले लावायचे, यावर! २०२४ च्या जानेवारीत अपील कोर्टाने पुन्हा स्पेनचा कायदा लावून म्युझियमच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी कायदाच बदलला, की अशा दाव्यांत आमचाच कायदा लागेल. २०२५ च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल रद्द करून प्रकरण परत खाली पाठवलं.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. चित्राच्या पाठीवर एका फाटक्या लेबलाचा तुकडा आहे, बर्लिनच्या गॅलरीचा. बॅरनसारख्या जाणकाराने तो पाहिला नसेल? कोर्टाने म्हटलं, बॅरनला शंका यायला हवी होती. पण 'शंका यायला हवी होती' आणि 'माहीत होतं' यात स्पॅनिश कायद्याने बराच फरक पडतो.

फुकटफौजदार

पंचवीस वर्षं झाली मग. कोर्ट म्हणायचं की काळाचं संग्रहालय?

मधलीसुट्टी

अवांतर: मग कोहिनूरचं काय? तोही कोर्टातून येईल का?

निळीशाई

आला कोहिनूर. आता धागा शंभरी गाठणार.

थोडक्यात सांगते आणि विषय बाजूला ठेवू. तो १८४९ च्या तहात लिहून घेतलेला आहे, एका अल्पवयीन महाराजाकडून. नीती काय म्हणते ते वेगळं, पण चोरीचा दावा म्हणून तो कोर्टात टिकवणं महाकठीण. अशा वस्तूंचा रस्ता संसदेतून जातो. ब्रिटिश म्युझियमची चार रेखाचित्रं घ्या. ब्रनो शहरातल्या डॉ. फेल्डमान यांच्याकडून १९३९ मध्ये गेस्टापोने लुटलेली. म्युझियमला ती परत द्यायची होती. वारसांना हवीच होती. दोन्ही बाजू राजी! तरी २००५ मध्ये कोर्ट म्हणालं, नाही देता येणार. १९६३ च्या ब्रिटिश म्युझियम कायद्याने विश्वस्तांचे हात बांधलेत, आणि नैतिक जबाबदारी कायद्याच्या वर जात नाही. शेवटी २००९ मध्ये नाझी काळातल्या लुटीपुरता वेगळा कायदा करावा लागला.

या चार कागदांवर एवढी चर्चा का झाली? कारण विश्वस्तांना नैतिक कारणासाठी दार उघडता आलं असतं, तर त्याच दारात याच म्युझियममधली पार्थेनॉन मंदिराची शिल्पं मागत ग्रीस उभा होता.

सातबारा

+१. फ्रान्समध्येही तसंच. सरकारी संग्रहातली वस्तू कुणाला देताच येत नाही असा तेव्हाचा नियम. बेनिन देशाला दाहोमेच्या राजवाड्यातल्या २६ वस्तू द्यायला डिसेंबर २०२० मध्ये संसदेत खास कायदा करावा लागला, तेव्हा कुठे २०२१ मध्ये त्या गेल्या.

गाभारा

इतके दिवस नुसता वाचत होतो, आता राहवत नाही. तुम्ही सगळे चित्रांत अडकलात. मूर्तींकडे या.

कंबोडियात कोह केर म्हणून दहाव्या शतकातली राजधानी आहे. तिथल्या प्रासात चेन मंदिरात दगडात कोरलेला एक प्रसंग होता: भीम आणि दुर्योधनाचं गदायुद्ध, बाजूला बसून बघणारे इतर जण. आपल्याला लहानपणापासून पाठ असलेला प्रसंग, पण तिथल्या शिल्पकाराने केलेला. यादवी युद्धाच्या काळात, सत्तरच्या दशकात, चोरांनी मूर्ती घोट्यापासून तोडून नेल्या. पाय तसेच चौथऱ्यावर राहिले.

२०११ मध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात दुर्योधन आला. अंदाजे किंमत २० ते ३० लाख डॉलर. कॅटलॉगमध्ये सुरेख फोटो, पायाविना. इकडे जंगलात चौथऱ्यावर दोन पावलं उभी. ऐन लिलावाच्या दिवशी कंबोडियाचं पत्र आलं आणि विक्री थांबली. २०१२ मध्ये अमेरिकन सरकारने जप्तीचा दावा लावला. त्या दाव्याचं नाव वाचा: 'अमेरिका विरुद्ध दहाव्या शतकातलं एक कंबोडियन वालुकाश्म शिल्प'. प्रतिवादी कोण, तर दुर्योधन स्वतः! विकणारी बाई नाही, लिलावघर नाही. २०१३ च्या अखेरीस तडजोड झाली, २०१४ मध्ये मूर्ती घरी गेली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या नॉर्टन सायमन म्युझियमने भीमही परत केला. गदायुद्धाचे दोन्ही गडी एकाच वर्षी.

आणि प्रतिवादी दगडाचा असतो, तसा वादीही असू शकतो. तमिळनाडूतल्या पाथूरचा नटराज बघा. १९७६ मध्ये एका मजुराला झोपडीसाठी खणताना सापडला, हात बदलत लंडनला गेला, १९८२ मध्ये कॅनडाच्या एका तेल कंपनीने अडीच लाख पौंडाला घेतला. डागडुजीसाठी ब्रिटिश म्युझियममध्ये असताना पोलिसांनी उचलला. कंपनीनेच पोलिसांवर दावा ठोकला. समोर कोण उभं राहिलं? भारत सरकार, तमिळनाडू सरकार, आणि त्यांच्याबरोबर ते पडकं मंदिर आणि त्याच जागी सापडलेलं शिवलिंग. इंग्लंडमध्ये हे नवीनच होतं. तिथे मंदिर म्हणजे कायद्याने कुणीच नाही. पण १९९१ मध्ये अपील कोर्टाने मान्य केलं की भारतीय कायद्यात मंदिर ही व्यक्ती असेल, तर इथेही तिचं ऐकू. नटराज परत आला.

मधलीसुट्टी

'अमेरिका विरुद्ध दुर्योधन' वाचून अंगावर काटा आणि हसू दोन्ही एकदम आलं. दंडवत!

सातबारा

@गाभारा, सुंदर. कागदकीडाताईंच्या मुद्द्याला यात एक तिसरी गोष्ट जोडावीशी वाटते: मागणारा कोण. खाजगी वारस मागतो तेव्हा मुदत, दिरंगाई, सद्भावना सगळं आडवं येतं. सरकारी वकील जप्तीला आला की खेळ पालटतो. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या सरकारी वकिलांचं पुराणवस्तूंचं वेगळं पथक आहे. ते सांगतात, हा गुन्ह्यातला मुद्देमाल आहे, विषय संपला. २०२१ मध्ये मायकेल स्टाइनहार्ट या अब्जाधीश संग्राहकाने असल्या १८० वस्तू मुकाट्याने सोडल्या, किंमत साधारण ७ कोटी डॉलर. वर जन्मभर पुराणवस्तू विकत घ्यायची बंदी स्वीकारली.

फुकटफौजदार

मी दुसऱ्याच प्रतिसादात काय म्हणालो होतो? उचलावा आणि द्यावा. :)

अर्धविराम

सगळे एका सुरात गाताहेत म्हणून थोडं बेसूर गातो.

तुर्कस्तानने आपल्याकडून चोरून नेलेल्या, प्राचीन लिडिया राज्याच्या खजिन्यासाठी मेट म्युझियमवर १९८७ मध्ये खटला भरला. १९९३ मध्ये मेटने तीनशेहून अधिक वस्तू परत दिल्या. मोठा विजय. २००६ मध्ये उघडकीला आलं की तुर्कस्तानातल्या उशाकच्या म्युझियममध्ये त्यातली सर्वांत प्रसिद्ध सोन्याची पिन, पंख असलेला समुद्री घोडा, गायब आहे आणि जागी नकली बसवलीय. शिक्षा कुणाला झाली? त्या म्युझियमच्याच संचालकाला. पिन पुढे जर्मनीत सापडली.

दुसरं. मारिया आल्टमानची केस सगळ्यांना माहीत आहे. नाझींनी तिच्या कुटुंबाकडून लुटलेली, चित्रकार क्लिम्टची पाच चित्रं तिला २००६ मध्ये ऑस्ट्रियाकडून मिळाली, आणि त्याच वर्षी 'अडेल ब्लॉख-बाउअर १' साडेतेरा कोटी डॉलरला विकलं गेलं. व्हिएन्नात ते लोक रांगा लावून बघायचे. मग परत करून साधलं काय?

उंबरठा

माफ करा, पण हा युक्तिवाद मला कधीच पटत नाही. माझी सायकल चोरीला गेली आणि पोलिसांनी शोधून दिली, तर मी ती विकेन की गंजवेन हे पोलिसांनी का विचारावं?

आणि आल्टमानबाईंनी सरळ पैशासाठी केलं असं म्हणणं अन्यायाचं आहे. त्यांना आधी ऑस्ट्रियातच दावा लावायचा होता. तिथे कोर्ट फी चित्रांच्या किमतीवर मोजतात! म्हणजे तुमची वस्तू जितकी मौल्यवान, तितकं ती मागणं महाग. म्हणून त्या अमेरिकेत गेल्या. २००४ मध्ये सुप्रीम कोर्टाने परक्या देशाविरुद्ध खटला चालवायची परवानगी दिली, मग लवाद बसला, आणि लवादही ऑस्ट्रियाचाच. त्याने त्यांच्या बाजूने कौल दिला तेव्हा बाई नव्वदीला टेकल्या होत्या.

अर्धविराम

सायकल लोक रांगा लावून बघत नाहीत. पण फीची गोष्ट माहीत नव्हती, तेवढ्यापुरता शब्द मागे. उशाकचं मात्र कुणीच बोललं नाही.

गाभारा

उशाकचं बोलतो. परत दिलेली वस्तू नंतर चोरीला जाऊ शकते. चोरी मोठ्या म्युझियममध्येही होते, वर गुगेनहाइमचं टपालखातं वाचलंत ना. ज्याची वस्तू त्याला द्यायची की नाही हे त्याच्या कुलपावरून ठरवायचं असेल, तर मग कुलूपवालाच जगाचा मालक.

निळीशाई

मला परत देण्याहून तडजोडीच्या केसेस जास्त खऱ्या वाटतात. चित्रकार शीलेचं 'वालीचं चित्र' घ्या. व्हिएन्नातल्या लेआ बोंडी या ज्यू विक्रेतीकडून १९३९ मध्ये एका नाझी व्यापाऱ्याने ते हिसकावलं. युद्धानंतर तिने ते मिळवायला रुडॉल्फ लिओपोल्ड या संग्राहकाची मदत मागितली, आणि त्याने ते स्वतःसाठीच मिळवलं, असं तिच्या वारसांचं म्हणणं. १९९७ मध्ये चित्र न्यूयॉर्कला प्रदर्शनात आलं, १९९८ च्या जानेवारीत सरकारी वकिलांनी अडवलं. (इथेही प्रतिवादी चित्रच बरं का, 'अमेरिका विरुद्ध वालीचं चित्र'.) खटला बारा वर्षं चालला. बोंडीबाई १९६९ मध्येच गेल्या होत्या, लिओपोल्ड २०१० च्या जूनमध्ये गेला, आणि जुलैमध्ये तडजोड झाली. म्युझियमने वारसांना १ कोटी ९० लाख डॉलर द्यायचे, चित्र व्हिएन्नाला परत जाणार, पण जिथे लावाल तिथे शेजारी ते कुणाचं होतं आणि कसं गेलं ते लिहायचं. कायमचं.

अर्धविराम, रांगा लावणाऱ्यांना चित्रही मिळालं आणि ती पाटीही वाचावी लागते.

उंबरठा

या सगळ्यात जिंकणाऱ्यांकडे काय होतं, याकडे लक्ष द्या. कागद. नाहीतर फोटो. डच विक्रेता जॅक खाउडस्टिकर १९४० मध्ये बोटीने पळताना पडून मेला, पण त्याच्या खिशात छोटी काळी वही होती, अकराशेहून अधिक चित्रांची नोंद असलेली. त्या वहीच्या जोरावर २००६ मध्ये डच सरकारने २०२ चित्रं वारसांना दिली. ऑस्ट्रेलियाने २०१४ मध्ये भारताला दोन मूर्ती परत केल्या, त्यांची ओळख पटवायला पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेतले मंदिरांचे जुने फोटो कामी आले. फोटो काढणाऱ्याला तेव्हा काय कल्पना, की आपण पुरावा तयार करतोय.

सातबारा

वहीचंही कौतुक पुरतं नाही हो. त्याच खाउडस्टिकर वारसांनी चित्रकार क्रानाखच्या आदम आणि ईव्ह या चित्रांसाठी नॉर्टन सायमनवर खटला केला आणि २०१८ मध्ये हरले. चित्रं वहीत होती, लूटही मान्य होती. पण युद्धानंतर डच सरकारने ती तिसऱ्याच माणसाला विकली होती, आणि अमेरिकन कोर्ट म्हणालं की परक्या सरकारच्या त्या कृतीत आम्ही हात घालणार नाही. भीम परत देणारं म्युझियम तेच बरं का.

कागदकीडा

सातबारा, हे वाचून माझ्या 'कुठे आणि कधी'ला 'कोण' जोडते. तिसरा मुद्दा कबूल.

कॅसिररमध्ये पुढे काही घडलं की याच धाग्यावर टाकेन. आणि ज्यांच्याकडे आजोबांच्या काळापासून एखादं चित्र भिंतीवर आहे त्यांनी ते एकदा उतरवून मागची बाजू बघा. लेबल फाटकं असेल तर खरवडू नका, फोटो काढा.

मधलीसुट्टी

उतरवलं. मागे फक्त कोळ्याचं जाळं निघालं. :(